बेरुल्लुस: एका लॅटिन शब्दाच्या नोंदीची कामाची वही

शाळेतल्या संस्कृतच्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका करायचं ठरवलं. रत्नांची दहा लॅटिन नावं घ्यायची, प्रत्येकाची विभक्ती, लिंग आणि मूळ द्यायचं, सगळं देवनागरीत. सात आठवड्यांनंतर हातात एकाच शब्दाची नोंद आहे. दुसऱ्या कुणाला असं काम करायचं असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्याचे जाऊ नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी जवळजवळ तशाच उतरवते आहे.

२ जून

सुट्टी संपायला दोन आठवडे आहेत. पहिला शब्द बेरिल या हिरवट रत्नाचा घेतला, कारण तो आपल्याकडून तिकडे गेलेला आहे आणि मुलांना त्यात रस वाटेल. जवळ असलेलं साहित्य: एक जुना लॅटिन-इंग्रजी शब्दकोश (उसना), प्लिनी या रोमन लेखकाच्या ‘नॅचरालिस हिस्टोरिया’च्या ३७व्या खंडाची छापून घेतलेली पानं, शंभर पानी वही. छपाईचे १४० रुपये झाले. प्लिनीचा हा शेवटचा खंड सगळा रत्नांवरच आहे. ग्रंथ त्याने इ.स. ७७ मध्ये सम्राटपुत्र टायटसला अर्पण केला आणि दोनच वर्षांनी व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात तो गेला.

अंदाज होता, एका शब्दाला दोन दिवस लागतील.

४ जून

पहिली अडचण अगदी पहिल्याच ओळीत. शब्द देवनागरीत लिहायचा कसा?

शब्दकोशात तो दोन-तीन तऱ्हांनी दिलाय. ग्रीकमध्ये दुसऱ्या अक्षरात जो स्वर आहे तो उ आणि इ यांच्या मधला, ओठ उ सारखे आणि जीभ इ सारखी. आपल्याकडे त्याला चिन्ह नाही. रोमनांकडेही आधी नव्हतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात त्यांनी ग्रीक शब्दांसाठी दोन अक्षरं वर्णमालेच्या शेवटी जोडली, त्यातलं एक हे. प्लिनीच्या छापील पाठात मात्र मला साधं उ-कार असलेलं रूप मिळालं, आणि मध्ययुगातल्या हस्तलिखितांत इ-कार दिसतो.

पूर्ण दिवस यात गेला. शेवटी मथळ्याला प्लिनीचं रूप घेतलं: बेरुल्लुस. खाली एका ओळीत ‘बेरिल्लुस असंही लिहितात’. दोन्ही रूपं नोंदीत मिसळून वापरायची नाहीत, हे आजच ठरवा. मी पहिल्या तीन पानांत मिसळली होती, ती पुन्हा लिहावी लागली.

९ जून

विभक्तीचा तक्ता केला. शब्द लॅटिनच्या दुसऱ्या वर्गातला, आपल्या ‘देव’सारखा. देवः–बेरुल्लुस, देवम्–बेरुल्लुम, ही जुळणी मुलांना फळ्यावर दाखवली की पुढचं सोपं जातं.

एकवचन: प्रथमा बेरुल्लुस, संबोधन बेरुल्ले, द्वितीया बेरुल्लुम, षष्ठी बेरुल्ली, चतुर्थी बेरुल्लो. आणि एक शेवटचं रूप, तेही बेरुल्लो, ज्याला मी आधी नुसतं ‘पंचमी’ म्हटलं. अनेकवचन: बेरुल्ली, बेरुल्लोस, बेरुल्लोरुम, बेरुल्लिस.

‘पंचमी’ हे नाव चुकीचं पडलं. त्या एका रूपात आपली तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी अशा तीन विभक्त्या राहतात. तक्त्यात ‘तृ./पं./स.’ असं लिहा. नुसतं पंचमी लिहिलं तर मुलं प्रत्येक ठिकाणी ‘पासून’ लावून भाषांतर करतात. पुढे वर्गात हेच झालं.

लिंग: स्त्रीलिंग लिहिलं. कारण असं होतं. नीलमाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो साप्फिरुस हा शब्द याच वर्गातला, शेवटी तसाच ‘उस’, पण प्लिनी त्याला स्त्रीलिंगी वागवतो. ‘ऑप्तिमाए’ म्हणजे ‘उत्तम’, हे त्याचं विशेषण स्त्रीलिंगी अनेकवचनात आहे. ग्रीकमधून आलेल्या रत्नांच्या नावांत असं होतं, मूळ ग्रीक स्त्रीलिंग आणि ‘रत्न’ या अर्थाचा लॅटिन ‘गेम्मा’ हा शब्दही स्त्रीलिंगी. ग्रीक ‘बेरुल्लोस’सुद्धा स्त्रीलिंगी आहे. तेव्हा हाही तसाच असणार, असं धरून चालले.

धरून चालले आणि छापायलाही दिलं. चार पानं, ३० प्रती, ३६० रुपये.

१३ जून

प्रती परत आल्या आणि त्याच संध्याकाळी प्लिनीचा मूळ परिच्छेद शांतपणे वाचायला बसले. तो आधी वाचायला हवा होता. पहिलंच महत्त्वाचं वाक्य:

‘इंदिया एओस गिग्नित, रारो आलिबि रेपेर्तोस.’

भारत त्यांना जन्म देतो, इतरत्र ते क्वचित सापडतात. ‘एओस’ म्हणजे ‘त्यांना’, पुल्लिंगी अनेकवचन. ‘रेपेर्तोस’ म्हणजे ‘सापडलेले’, तेही पुल्लिंगी. स्त्रीलिंगी असते तर ‘एआस’ आणि ‘रेपेर्तास’ आलं असतं. पुढे पाहिलं: सगळ्यात नावाजलेले ‘प्रोबातिस्सिमी’, पुल्लिंगी. ‘जे’, ‘ज्यांना’ ही सर्वनामं, तीही पुल्लिंगी. संबंध परिच्छेदात बेरिलसाठी एकदाही स्त्रीलिंग नाही.

म्हणजे ग्रीकमध्ये ती, रोममध्ये तो. तक्ता बरोबर, लिंग चूक, ३० प्रती रद्दी. शब्दाचं लिंग त्याच्या शेपटावरून ठरवू नका, शेजारच्या विशेषणाला विचारा. आपल्या मुलांना आपण ‘दारा’ पुल्लिंगी आणि ‘कलत्र’ नपुंसकलिंगी हे शिकवतो, दोन्हींचा अर्थ बायको. तेच मी इथे विसरले.

१५ जून

शाळा सुरू. रात्री एक तास मिळतो.

पुल्लिंगाला दुसरा पुरावा हवा म्हणून लॅटिन बायबल काढलं. प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात नव्या यरुशलेमच्या बारा पायांची बारा रत्नं आहेत, आठवा पाया बेरिलचा. तिथे ‘ओक्तावुम’ असं आहे, नपुंसकलिंगी! क्षणभर वाटलं, तिसरं लिंगही आहे की काय. वहीत तसं लिहूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी मागची ओळ वाचली. ‘आठवा’ हे विशेषण रत्नाचं नव्हेच, ते ‘फुंदामेंतुम’ म्हणजे पाया या नपुंसकलिंगी शब्दाचं आहे. आठवा पाया, बेरिल. विशेषण कुणाचं आहे हे पाहिल्याशिवाय पुरावा धरायचा नाही. निर्गमाच्या २८व्या अध्यायात मात्र महायाजकाच्या उरपटावरच्या चौथ्या रांगेतल्या तीन रत्नांना (त्यात एक बेरिल) मिळून ‘इंक्लूसी’, जडवलेले, असं पुल्लिंगी रूप आहे. तो पुरावा ठेवला. निदान रांगेत एखादं पुल्लिंगी आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं, पण विरोधात जात नाही.

२३ जून, रविवार

आजचा दिवस या कामातला सगळ्यात चांगला.

शब्दकोशात या शब्दाखाली प्रोपेर्तिउस या कवीची एक ओळ दिली होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा कवी. चौथ्या पुस्तकातल्या सातव्या कवितेत त्याची मेलेली प्रेयसी किंथिया रात्री त्याच्या उशाशी येते. नुकतंच तिचं दहन झालंय. केस तेच, डोळे तेच, पण अंगावरचं वस्त्र कडेला जळलेलं. आणि मग ही ओळ:

‘एत सोलितुम दिगितो बेरुल्लोन आदेदेरत इग्निस.’

बोटातलं तिचं नेहमीचं बेरिल आगीनं कुरतडलं होतं.

संस्कृतच्या मुलांना ही ओळ दाखवायलाच हवी. शेवटचा ‘इग्निस’ म्हणजे आपला अग्नी. त्याआधीच्या क्रियापदातला ‘एद्’ म्हणजे आपला ‘अद्’ धातू, खाणे. अग्नी खातो, हे दोन्ही भाषांत एकाच शब्दांनी म्हणता येतं. ‘सोलितुम’, नेहमीचं, हे पुल्लिंगी द्वितीया. लिंगाचा दुसरा भक्कम पुरावा मिळाला. (हे रूप नपुंसकातही असंच होतं, पण ‘बेरुल्लोन’ला नपुंसक मानायला दुसरीकडे काहीच आधार नाही.)

पण मी अडले ‘बेरुल्लोन’पाशी. माझ्या तक्त्यात द्वितीया ‘बेरुल्लुम’ आहे. छापणाऱ्याची चूक समजून मी ती पेन्सिलीने दुरुस्तही केली. मग उत्तर सापडलं ते मात्रा मोजताना.

हे वृत्त सहा गणांचं आहे. प्रत्येक गण भगण, गुरू-लघू-लघू, किंवा त्याच्या जागी दोन गुरू. बोटं मोडत मोजलं: एत्-सो-लि, तुम्-दि-गि, तो-बे, रुल्-लो-न, दे-दे-र, तिग्-निस. चौथ्या गणातला ‘लो’ लघू आहे. आपला ओ नेहमी दीर्घ, म्हणून देवनागरीत हे दिसत नाही, वर खूण करावी लागते. सहाही गण चोख बसले. आता ‘बेरुल्लुम’ घालून पाहा. लॅटिनमध्ये शब्दाच्या शेवटी ‘उम’ आला आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला, तर तो ‘उम’ उच्चारात गिळला जातो. म्हणजे उरतं रुल्-ल-दे: गुरू, लघू, गुरू. तो रगण झाला, आणि रगण या वृत्तात कुठेही बसत नाही. कवीने ग्रीक द्वितीया ‘ओन’ ठेवली म्हणून स्वर वाचला आणि ओळ चालली.

पेन्सिलीची दुरुस्ती खोडली. तक्त्यात द्वितीयेपुढे ‘कवितेत बेरुल्लोनही’ अशी भर घातली. दीड वाजता झोपले, पण ओळ डोक्यात चालूच होती.

२६ जून

तृतीयेचं उदाहरण युवेनालिसच्या पाचव्या उपहासकवितेतून घेतलं. श्रीमंत यजमान विर्रो स्वतःच्या हातात बेरिल जडवल्याने खडबडीत झालेला पेला धरतो. ‘बेरुल्लो’, बेरिलने. इथे ‘पासून’ लावून चालणारच नाही, त्यामुळे मुलांना तृ./पं./स. हे तिहेरी लेबल का, ते लगेच कळतं. अर्धा तास लागला. सगळी कामं अशी झाली असती तर.

३० जून, रविवार

अर्थाच्या बाजूला आले. मराठीत काय म्हणायचं? इथे मोठी चूक केली.

लॅटिन शब्द ज्या मुळातून आला ते संस्कृतातलं वैडूर्य, म्हणून अर्थाच्या जागी सरळ ‘वैडूर्य’ लिहिलं आणि पुढे गेले. आईने ते पान वाचलं आणि म्हणाली, ‘अगं, म्हणजे लसण्या. रोमच्या बायका लसण्या घालायच्या होय?’

ती बरोबर होती. नवरत्नांतलं वैडूर्य म्हणजे आज सगळ्या घरांत लसण्या, मांजराच्या डोळ्यासारखी उभी रेघ फिरणारा खडा. प्लिनी सांगतो तो खडा ‘स्वच्छ समुद्राच्या हिरवेपणाची नक्कल करणारा’ आहे. तो लसण्या नव्हे.

दुपारी गुजरीत एका ओळखीच्या सराफांकडे गेले. त्यांनी मखमलीवर नको म्हणून पांढऱ्या कागदावर दोन खडे शेजारी ठेवले. अ‍ॅक्वामरीन म्हणजे बेरिलचाच समुद्री रंग. भिंगातून पाहिलं तर आत जवळजवळ काहीच नव्हतं, नुसती फिकट निळसर-हिरवी खोली, पाण्याची टाकी वरून पाहावी तशी. कागदावर पडलेली त्याची सावलीसुद्धा हिरवट होती. लसण्या मात्र मधाच्या रंगाचा, घुमटासारखा गोल घासलेला. दिवा हलवला की पांढरी रेघ खड्यावरून सरकत जायची. सराफ म्हणाले, ‘ताई, ह्याला पैलू पाडत नाहीत. पैलू पाडले की रेघ गेली.’ प्लिनी बेरिलबद्दल नेमकं उलट सांगतो: सहा कोनांत पैलू पाडले नाहीत तर त्यांना झळाळीच येत नाही, कोनांवरून उजेड उलटल्यावर मंद रंग जागा होतो.

दोन्ही खड्यांतला फरक समोर मांडलेला पाहायला मिळाला. खर्च रिक्षाचे ६० रुपये.

आणि एक गाठ तिथेच सुटली. प्लिनी बेरिलचा एक सोनेरी झाक असलेला प्रकार ‘ख्रिसोबेरुल्ली’ म्हणून देतो, ख्रिसोस म्हणजे ग्रीकमध्ये सोनं. पुढे खनिजशास्त्राने हेच नाव एका वेगळ्याच खनिजाला दिलं. उत्तम लसण्या त्या क्रिसोबेरिलचा असतो. खनिज वेगळं, पण दोन्हींत बेरिलियम हे मूलद्रव्य आहे. म्हणजे सराफाच्या वैडूर्यात आणि प्लिनीच्या बेरुल्लुसमध्ये नावाचा धागा आहे, दगड मात्र दोन.

नोंदीत आता असं आहे: ‘अर्थ: बेरिल, मुख्यतः समुद्री हिरव्या रंगाचं. मूळ शब्द वैडूर्य असला तरी आजचा वैडूर्य म्हणजे लसण्या नव्हे.’ हे वाक्य मी जाड अक्षरात छापणार आहे.

४ जुलै

व्युत्पत्ती. संस्कृत वैडूर्यपासून थेट बेरुल्लुस होत नाही, र आणि ल उलटसुलट येतात. वैडूर्यमध्ये आधी ड, मग र. पालीत वेळुरिय, आधी ळ, मग र. ग्रीकमध्ये मात्र आधी र, मग ल. कुणी फिरवलं?

प्राकृतात फिरलं. वेरुलिय, वेरुलिअ. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात वैडूर्यच्या जागी ‘वेरुलिअ’ होतं असं सांगितलंय. ग्रीक व्यापाऱ्यांनी संस्कृत पंडिताकडून हा शब्द घेतला नाही, बाजारात बोलला जाणारा प्राकृत शब्द घेतला. त्यांच्या लिपीत तेव्हा ‘व’ नव्हता, म्हणून ‘ब’ झाला. अशी अदलाबदल मुलांना परकी वाटू नये म्हणून दोन उदाहरणं दिली: खेड्यात म्हणतात ते ‘नुस्कान’, आणि वाराणसीचं बनारस.

बनारसच्या उदाहरणामुळेच पाणिनीकडे पोचले. अष्टाध्यायीत ४.३.८४ हे सूत्र आहे: ‘विदूराञ्ञ्यः’. विदूर या ठिकाणाहून निघतो तो वैदूर्य (वैडूर्यचंच दुसरं रूप). त्यावर महाभाष्यात पतंजलीची शंका अशी: हा मणी विदूरला निघतच नाही, तो वालवाय पर्वतावर निघतो, विदूरला त्यावर फक्त काम होतं. मग सूत्र खोटं का? उत्तर असं की व्यापारी जसे वाराणसीला ‘जित्वरी’ म्हणतात, तसे वैयाकरण वालवायला विदूर म्हणतात असं समजा.

हे वाचताना मी खुर्चीतून उठले. एका रत्नाच्या नावाबद्दल आपल्याकडचे वैयाकरण भांडतायत, आणि ते नाव कुठून आलं हे सांगताना साक्षीला व्यापाऱ्यांची बोली काढतायत. खाण कुठे आणि पैलू कुठे, हा फरकही त्यांना माहीत होता. आज बऱ्याच अभ्यासकांचं मत असं आहे की बोलीतलं रूप जुनं, बहुधा द्राविडी मुळाचं, आणि ‘वैदूर्य’ हे त्याला दिलेलं संस्कृत रूप. बेरिलच्या जुन्या खाणी आणि कोडुमणलसारखं मणी घडवण्याचं प्राचीन केंद्र तमिळनाडूतल्या कोंगू भागात आहेत, त्यामुळे ते मला पटतं. पाणिनीचं सूत्र नोंदीतून काढणार नाही. शब्दाला घर शोधण्याचा तो आपल्याकडचा पहिला प्रयत्न आहे.

७ जुलै, रविवार

एक परिच्छेद फाडला, त्याची नोंद ठेवते.

वेरुलिअ लिहिता लिहिता ‘वेरूळ’ डोळ्यांसमोर आलं. दोन तास फार आनंदात लिहिलं: वेरूळ म्हणजे वैडूर्याचं गाव, तिथूनच शब्द रोमला गेला, कैलास लेण्याची पोथी आणि प्लिनीचं पान एकाच शब्दाने बांधलेलं. ध्वनी जुळतात, महाराष्ट्र जुळतो, आणखी काय हवं?

पुरावा हवा, तो नाही. वेरूळचं जुनं नाव ताम्रपटात एलापूर असं येतं, शेजारून वाहते ती येळगंगा. नावाचा ओघ ‘एला’कडून आहे, वेरुलिअकडून नाही. आणि अजिंठा-वेरूळच्या बेसाल्टात बेरिल मिळत नाही. बेरिल लागतं ग्रॅनाइटी खडकांत, जसं तमिळनाडूत. आपल्या गावाचं नाव जोडायची ओढ लागली की दुसरं नाव समोर ठेवून मगच लिहा. तीन पानं आणि एक रविवार गेला.

१० जुलै

मामेबहीण म्युनिकला असते, तिला फोनवर सांगत होते. ती म्हणाली, ‘अगं, इथे चष्म्याला ब्रिल्ल म्हणतात.’ शब्दकोश काढला: बरोबर. मध्ययुगात वाचायची भिंगं स्फटिक आणि बेरिलची करत, म्हणून बेरिल्लुसचं बेरिल्ल, आणि मग आखूड होऊन आजचा जर्मन शब्द झाला.

याच धाग्यावर घरातलंही सापडलं. आजीच्या ट्रंकेत ‘बिल्लोरी बांगड्या’ होत्या, जड काचेच्या, पैलूदार. बिलोरी आरसा आपण म्हणतोच. फारसीतून आलेला बिल्लोर, म्हणजे स्फटिक, अरबी बिल्लौरच्या पोटातला, आणि तोही याच कुळातला मानतात. शब्द वेरुलिय म्हणून बाहेर पडला आणि आपल्याकडे बिलोरी होऊन परत आला. ही ओळ नोंदीत सगळ्यात शेवटी ठेवली, कारण ती वाचल्यावर मुलं मान वर करून घरच्या काचेकडे बघतील.

१४ जुलै, रविवार

प्लिनीच्या उरलेल्या दोन वाक्यांचं भाषांतर. पहिलं: ‘इंदी मीरे गाउदेन्त लोंगितूदिने एओरुम.’ भारतीय त्यांच्या लांबीने विलक्षण सुखावतात. ‘लोंगितूदिने’ तृतीया, आपल्या ‘लांबीने’सारखीच. मराठी जशीच्या तशी बसते.

दुसरं वाक्य व्याकरणासाठी फार मोलाचं: भारतीय म्हणतात की सगळ्या रत्नांत सोन्यावाचून राहायला आवडतं ते फक्त हेच. ‘फक्त हेच’ला ‘सोलोस’, पुल्लिंगी, आणि त्याला चिकटून ‘गेम्मारुम’, रत्नांपैकी, स्त्रीलिंगी. शेजारी स्त्रीलिंगी शब्द असूनही प्लिनी पुल्लिंग सोडत नाही. ९ जूनला मी जे गृहीत धरलं होतं त्याला याहून स्वच्छ उत्तर नाही.

पुढे तो सांगतो की म्हणून ते भोक पाडून ‘एलेफांतोरुम साएतिस’ ओवतात. मी लिहिलं, ‘हत्तींवरच्या रेशमाने’. कारण आधुनिक इटालियनमध्ये सेता म्हणजे रेशीम, आणि मी घाईत तोच कोश उघडला होता. लॅटिन ‘साएता’ म्हणजे जनावराचा राठ केस. हत्तीच्या केसात ओवलेले लांब मणी! हत्तीच्या केसाची अंगठी पाहिलेल्या माणसाला ते लगेच दिसतं: काळा, ताठ, तारेसारखा केस आणि त्यावर हिरवट नळी. सोनं कशाला लागेल? नंतरच्या भाषेचा कोश आधीच्या भाषेला लावू नये.

त्याच परिच्छेदात तो असंही म्हणतो की भारतीयांनी स्फटिक रंगवून खोटी रत्नं करायची युक्ती काढली, त्यात विशेषतः बेरिल. हेही मुलांसाठी ठेवलं. कौतुक तेवढं उतरवायचं आणि हे गाळायचं, असं मला जमणार नाही.

१७ जुलै

एक ओळ आधुनिक काळाची: व्होकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये बेरिलमध्ये नवं मूलद्रव्य ओळखलं, धातू १८२८ मध्ये वेगळा झाला, नाव बेरिलियम. दहावीच्या मुलीने आवर्तसारणीत चौथ्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, ‘बाई, हा शब्द आपला?’ हो म्हटलं.

२१ जुलै, रविवार

दुसरी छपाई. आठ पानं, ३० प्रती, पिनसहित ६९० रुपये. पहिल्या छपाईचे ३६०, प्लिनीच्या पानांचे १४० आणि रिक्षाचे ६० धरून एकूण खर्च १,२५० रुपये. वेळ साधारण ७० तास, त्यातले निदान २५ चुकांत गेले, आणि त्यातला मोठा वाटा लिंगाच्या चुकीचा आणि वेरूळचा. रद्दी प्रतींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलं आता लघू-गुरू मोजायचा सराव करतात.

नऊ शब्द बाकी आहेत. पुढचा ओनिक्स घेतला आहे, कारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या ग्रीक पुस्तकात पैठणहून गाड्यांत भरून तो भडोच बंदराकडे जायचा असं लिहिलंय. नावाचा मूळ अर्थ नख, आणि आपला ‘नख’ त्याचा नातलग आहे. या वेळी प्रथमा लिहायच्या आधी षष्ठी लिहिली: ओनिखिस. क्स गेला, ख आला. मग प्लिनी उघडला आणि पहिलं विशेषण शोधायला बसले.